पंक्चर काढलं, मग कळलं की माणूसही पडला होता

हे प्रकरण एका दिवसाच्या निधी-राइडमधलं. शंभर किलोमीटरचा मार्ग, शर्यत नाही, नंबर नाही. प्रत्येक रायडरने नातेवाईक, मित्र, ऑफिसातली माणसं यांच्याकडून देणग्या कबूल करून घेतलेल्या, आणि तो सगळा पैसा एका आजाराच्या रुग्णांसाठी जाणार. अशा राइडमध्ये रस्त्याकडेला जे मदतनीस उभे असतात, त्यांच्यापैकी दोघांची ही गोष्ट. त्या दिवशी मोठा अपघात असा झालाच नाही. तरीही नव्या मदतनीसांना शिकवताना मी हेच उदाहरण आधी घेतो, कारण यात कुणी कामचुकारपणा केलेला नाही. जो तो आपलं काम चोख करत होता. क्रम तेवढा उलटा लागला.

दोघांशी मी वेगवेगळं बोललो, नोंदवही पाहिली, कंट्रोलला, म्हणजे राइडच्या नियंत्रण कक्षाला, गेलेल्या फोनच्या वेळा ताडून पाहिल्या. रायडरशीही नंतर बोलणं झालं. त्यांना त्या तासाभरातलं फारसं काही आठवत नव्हतं.

पॉइंट आणि दोन माणसं

पॉइंट, म्हणजे मदतनीसांचा थांबा, ६८व्या किलोमीटरला होता, एका लांब उताराच्या पायथ्याशी. जागा निवडताना विचार केलेला होता. उतारावरून आलेल्या सायकलींचे ब्रेक, टायर, सैल झालेले बोल्ट सगळं तिथेच डोकं वर काढतं. रस्ता सरळ, त्यामुळे मदतगाडी लांबून दिसते. शिवाय सावली. गाडी रस्त्याच्या पूर्ण बाहेर लावलेली, मागे शंकू ठेवलेले, आणि काम गाडीच्या आडोशाला. हे शेवटचं पुष्कळ जण विसरतात आणि रस्त्याच्या बाजूला उकिडवे बसून चाक काढायला लागतात. ताशी ६० किलोमीटरने येणारी गाडी सेकंदाला जवळपास १७ मीटर कापते. पाना हातात असलेल्या माणसाला उठून बाजूला व्हायला त्याहून जास्त वेळ लागतो.

पॉइंटवर दोघं होते. एक मेकॅनिक: सायकलचं दुकान नाही, पण गटातल्या सगळ्यांच्या सायकली यानेच खोलायच्या अशी वर्षानुवर्षांची रीत. दुसरी एक तरुण मुलगी, मदतनीस म्हणून पहिल्यांदाच आलेली. तिच्याकडे बिब नंबरांची, म्हणजे रायडरच्या छातीवर लावलेल्या नंबरांची, वही, फोन आणि पाण्याची टाकी. तिला सायकलीतलं काही कळत नव्हतं आणि ते तिने सकाळीच सांगून टाकलं होतं. वाटणी अशी की सायकल मेकॅनिककडे, बाकी सगळं हिच्याकडे. "बाकी सगळं" म्हणजे काय, हे मात्र कुणी उलगडून सांगितलं नव्हतं.

सायकल काय सांगत होती

पन्नाशी ओलांडलेले एक रायडर सायकल हातात धरून चालत आले. पुढचं चाक बसलेलं. म्हणाले, "पंक्चर झालंय, लवकर होईल का?" मेकॅनिकने सायकल घेतली. इथून पुढचा पाव तास त्याने जे केलं ते एखाद्या शिकाऊ मुलाला दाखवावं इतकं नीटस होतं.

टायरच्या बाजूवर २८-६२२ असा आकडा. यातला ६२२ म्हणजे टायर रिमवर जिथे बसतो तिथला व्यास, मिलिमीटरमध्ये. रोड बाइकला आणि २९ इंची म्हणवणाऱ्या माउंटन बाइकला व्यास हाच. जुन्या २६ इंची माउंटन बाइकला ५५९. पॉइंटवर ट्यूब देताना हा आकडा वाचायचा, "माझी सायकल अमुक इंची आहे" या बोलण्यावर विसंबायचं नाही. रायडरच्या सीटखालच्या पिशवीत स्वतःची ट्यूब होती, पण ती जाड व्हॉल्व्हची, मोटारगाडीला असतो तशा. रिमचं भोक बारीक व्हॉल्व्हचं. बारीक व्हॉल्व्ह मोठ्या भोकातून वेळ निभावून नेतो, उलटं जमत नाही. मेकॅनिकने आपल्या डब्यातली ट्यूब काढली.

मग टायर आतून चाचपला. काच नाही, काटा नाही. टायरच्या कुशीला नखाएवढी चीर. नुसती नवी ट्यूब घातली असती तर ती त्या चिरेतून फुगून बाहेर येऊन फटकन फुटली असती. त्याने जुन्या टायरचा कापून ठेवलेला तुकडा आतून ठिगळासारखा लावला. गॅसचा छोटा सिलिंडर न वापरता पंपाने हवा भरली, कारण १६ ग्रॅमच्या सिलिंडरातला कार्बन डायऑक्साइड क्षणात टायर फुगवत असला तरी ट्यूबच्या रबरातून हवेपेक्षा लवकर झिरपतो, आणि या रायडरला अजून ३२ किलोमीटर जायचं होतं. हवा थोडी कमीच ठेवली, चीर ताणू नये म्हणून.

हँडल चाकाच्या रेषेत नव्हतं. हँडल सायकलला जोडणाऱ्या स्टेमचे बोल्ट सैल करून त्याने ते सरळ केलं. उजवा ब्रेक लिव्हर आत वळला होता, तोही जागेवर आणला. मागचा डिरेलर, म्हणजे साखळी एका गिअरवरून दुसऱ्यावर सरकवणारा भाग, ज्या छोट्या पट्टीवर लटकतो ती आत वाकली आहे का, हे मागून डोळा लावून पाहिलं. सायकल उजव्या अंगावर पडली की ही पट्टी वाकते आणि मग सगळ्यात सोपा गिअर टाकताच डिरेलर मागच्या स्पोकमध्ये शिरतो. पट्टी ठीक होती.

वरचे दोन परिच्छेद पुन्हा वाचावेत. कुशीची चीर, वाकडं हँडल, आत गेलेला लिव्हर, आणि उजव्या बाजूला पडल्याची शंका येऊन केलेली तपासणी. सायकलने सगळी जबानी दिली होती, आणि ती घेणारा माणूस जाणता होता. मी त्याला विचारलं तेव्हा तो थोडा वेळ गप्प बसला आणि म्हणाला, "सायकल पडलीये हे मला दिसलं होतं. पण सायकलबरोबर काकाही पडले असतील, हे डोक्यातच आलं नाही."

मला यात नवल वाटत नाही. रायडर आला तो पंक्चर सांगत आला. आपण दुरुस्तीला बसलेले, समोर दुरुस्तीची वस्तू आली, हात कामाला लागले. त्यातून काम थोडं अवघड निघालं की आणखीच रंगत. ज्याला सायकलचं काही येत नाही त्याला हा मोह नसतो. त्या मुलीला तो नव्हता.

तोच प्रश्न तिसऱ्यांदा

वहीत तिने आधी बिब नंबर लिहिला. नंबर विचारल्यावर रायडरने छातीकडे पाहून तो वाचून दाखवला. तिला हे विशेष वाटलं नाही, नंबर कुणाला पाठ असतो? मग त्यांनी विचारलं, पुढचा पॉइंट किती लांब आहे. तिने सांगितलं, १४ किलोमीटर. पाणी प्यायले. पुन्हा विचारलं, पुढचा पॉइंट किती लांब. तिला वाटलं ऐकू गेलं नसेल. एकदा रस्त्याच्या कडेपर्यंत चालत गेले, तिने हाक मारून गाडीच्या आडोशाला बसवलं. बसल्या बसल्या तिसऱ्यांदा तोच प्रश्न आला, त्याच सुरात, पहिल्यांदाच विचारत असल्यासारखा.

तिने जे केलं ते कुठे शिकलेलं नव्हतं. बोलतं ठेवावं म्हणून विचारलं, "काका, मागच्या पॉइंटला केळी होती का हो? इथली संपली." त्यांना मागचा पॉइंट आठवेना. "सकाळी कुणाबरोबर निघालात?" उत्तर आलं, पण अडखळत. मग तिने नाव विचारलं, आज वार कुठला ते विचारलं. ही दोन्ही उत्तरं खाडकन आणि बरोबर.

इथे थोडं थांबायला हवं, कारण पुष्कळ मदतनीस नाव आणि वार विचारून समाधान मानतात. डोक्याला मार लागून मेंदू हादरला की नाव, वार, गाव हे सहसा शाबूत राहतं. हरवतं ते ताजं. ऑस्ट्रेलियात डेव्हिड मॅडॉक्स आणि सहकाऱ्यांनी १९९५ साली तिथल्या फुटबॉलपटूंवर हे तपासलं: आत्ता कुठल्या मैदानावर आहोत, शेवटचा गोल कुणी केला, मागचा सामना कुणाशी झाला, असे नुकत्याच घडलेल्या गोष्टींचे प्रश्न नेहमीच्या नाव-गाव-तारखेपेक्षा जास्त पकडतात. आज जगभर मैदानाकडेला हे प्रश्न त्यांच्याच नावाने ओळखले जातात. केळ्यांचा प्रश्न म्हणजे त्याचीच सायकलवरची आवृत्ती, हे त्या मुलीला माहीत असायचं कारण नव्हतं.

मग तिने हेल्मेटकडे पाहिलं. समोरून धड. मागे, डाव्या बाजूला, वरचं प्लास्टिक खरचटलेलं आणि आतल्या फोमला आरपार भेग. सायकलच्या हेल्मेटमधला फोम आघात शोषताना चिरडतो आणि पुन्हा फुगत नाही. त्यामुळे तडकलेलं हेल्मेट पुढच्या पडण्यासाठी निकामी असतं, आणि आधीच्या पडण्याचा पुरावाही असतं. भेग म्हणजे मेंदूला इजा झालीच असं नाही, आणि भेग नाही म्हणजे झाली नाही असंही नाही. पण भेग आणि तीनदा विचारलेला एकच प्रश्न एकत्र आले की आणखी काही शोधत बसायची गरज उरत नाही.

ती उठून मेकॅनिककडे गेली. तो शेवटचा बोल्ट आवळत होता.

"झाली ना सायकल? मग निघतो."

रायडरचं हे वाक्य माझ्या मते या प्रकरणाचा कणा आहे. सायकल बंद असते तोवर रायडरला थांबवायला कुणी लागत नाही, सायकलच थांबवते. ती फिरती करून हातात दिली की आपण न बोलता परवानगी दिलेली असते. त्यानंतरचा प्रत्येक "थांबा" ही माघार ठरते, आणि रायडरला ती आपल्यावर आलेली अडवणूक वाटते. दोन मिनिटं आधी जो मुलगा "काका, पाच मिनिटांत करतो" म्हणत होता, तोच आता जाऊ नका म्हणतोय.

रायडर चिडले. चिडणं हे त्या माणसाच्या स्वभावात नसल्याचं नंतर घरच्यांनी सांगितलं. चिडचिड, अस्वस्थता, एका जागी न बसणं हीही मेंदू हादरल्याची लक्षणं असू शकतात, पण त्या क्षणी ती फक्त उद्धटपणासारखी दिसतात, आणि मग मदतनीसही हट्टाला पेटतो किंवा कंटाळून सोडून देतो. दोन्ही वाईट.

त्यांचा मुद्दा चिडून मांडला तरी पोकळ नव्हता. त्यांच्या भावाला तोच आजार होता ज्यासाठी राइड होती. देणगीदारांनी किलोमीटरमागे रक्कम कबूल केली होती. ३२ किलोमीटर सोडले म्हणजे तेवढे पैसे बुडाले, असा त्यांचा हिशेब. "तुम्ही माझे नाही, त्या पेशंटांचे पैसे अडवताय," असं ते त्या मुलीला म्हणाले. शर्यतीतला रायडर स्वतःसाठी हट्ट करतो. निधी-राइडमधला रायडर दुसऱ्यासाठी हट्ट करतो, आणि म्हणूनच त्याला नाही म्हणणं जास्त जड जातं. हे ओझं त्या विशीतल्या मुलीच्या अंगावर पडायलाच नको होतं. ते महिनाभर आधी, नोंदणीच्या कागदावर उतरायला हवं होतं. पॅन-मॅस चॅलेंज ही अमेरिकेतली राइड बिली स्टार यांनी १९८०मध्ये सुरू केली. तिथे रायडरने ठरावीक किमान निधी गोळा करण्याची हमी आधीच द्यायची असते. अशी पद्धत असली की शेवटची रेषा ओलांडली का, याचा पैशाशी थेट संबंध राहत नाही. किलोमीटरमागे देणगी ऐकायला गोड, पण रस्त्यावर ती रायडरला चाबकासारखी लागते.

मुलीने वाद घातला नाही. ती म्हणाली, "काका, तुमचे पैसे मी अडवत नाही. पण हेल्मेट फुटलंय, आणि फुटलेल्या हेल्मेटवर मला कुणालाच पुढे सोडता येत नाही. मी कंट्रोलला फोन लावते, तुम्ही स्वतः बोला." हेल्मेटचा नियम नोंदणीपत्रात खरोखर होता. तिने "तुम्ही ठीक दिसत नाही" असं म्हटलं असतं तर "मी ठीक आहे" हे उत्तर तयार होतं. भेग मात्र हातात धरून दाखवता येत होती, आणि ती पाहून रायडर पहिल्यांदा गप्प झाले. आपण पडलो होतो हे त्यांना तोवर नीटसं ठाऊकच नव्हतं, असं मला वाटतं.

मेकॅनिकची थाप

कंट्रोलने सांगितलं, डॉक्टरसह गाडी पाठवतो, पण गाडी दुसऱ्या टोकाला आहे, अर्धा तास लागेल. अर्धा तास हा फार मोठा काळ असतो. दहा मिनिटांनी रायडर पुन्हा उठले, हेल्मेटचं बोलणं विसरलेले, आणि सायकलकडे गेले.

मेकॅनिकने तोवर परिस्थिती ओळखली होती. तो म्हणाला, "काका, पुढचा ब्रेक घासतोय, दोन मिनिटं द्या," आणि चाक पुन्हा काढून ठेवलं. ब्रेक घासत नव्हता. चाक गाडी येईपर्यंत त्याच्या हातातच राहिलं.

यावर आमच्या बैठकीत बराच काथ्याकूट झाला. काहींना ही युक्ती इतकी आवडली की ती शिकवावी म्हणाले. मी विरोधात होतो आणि आहे. त्या जागी, त्या घडीला, दुसरा उपाय हाताशी नसताना मेकॅनिकने केलं ते समजण्यासारखं आहे, आणि त्याने अनर्थ टळला असेलही. पण थाप शिकवायची गोष्ट नाही. गोंधळलेल्या माणसाला ती कळली की उरलेला विश्वासही जातो, आणि दहापैकी आठ पॉइंटांवर मदतनीस "थांबा" म्हणण्याऐवजी खोटं बोलायला शिकतात. शिवाय चाक काढून ठेवायला खोट्याची गरज कुठे होती? "डॉक्टर बघेपर्यंत सायकल माझ्याकडे" असं आधीच सांगितलं असतं तर भागलं असतं. आधी, म्हणजे दुरुस्तीला हात लावण्यापूर्वी.

त्या अर्ध्या तासात एक गोष्ट फार चांगली झाली: मुलगी त्यांना सोडून हलली नाही. बाकी आलेल्या रायडरांनी आपलं पाणी आपण भरून घेतलं. डोक्याला मार लागलेल्या माणसाला एकटं ठेवायचं नाही, सायकल काय, गाडीही चालवू द्यायची नाही, आणि काही खुणा दिसल्या तर मदतगाडीची वाट न बघता थेट रुग्णवाहिका: वाढत जाणारी डोकेदुखी, पुन्हा पुन्हा उलटी, मान दुखणं, दोन-दोन दिसणं, हातापायाला मुंग्या किंवा अशक्तपणा, झटका, शुद्ध हरपणं, गोंधळ वाढत जाणं. मान दुखत असेल तर हलवायचं नाही आणि हेल्मेटही आपण ओढून काढायचं नाही. हे काही आमच्या डोक्यातून निघालेलं नाही. क्रीडाक्षेत्रातल्या अशा इजांवर तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय परिषदा २००१पासून होत आल्या आहेत. २०२२च्या ॲमस्टरडॅम परिषदेतून निघालेल्या मार्गदर्शनाबरोबर २०२३मध्ये एक छोटं ओळखपत्रक प्रसिद्ध झालं, तेही मुद्दाम डॉक्टर नसलेल्यांसाठी. त्याचं सार इतकंच की शंका आली तर बसवा, आणि त्या दिवशी पुन्हा खेळात सोडू नका. शुद्ध हरपलीच पाहिजे अशी अट नाही. बहुतेकांची हरपत नाहीच.

एक आडवी सूचना. मळमळ, डोकं दुखणं, चक्रावणं ही लक्षणं उन्हानेही होतात, साखर उतरल्यानेही होतात, आणि तासन् तास नुसतं पाणी प्रमाणाबाहेर पीत राहिल्याने रक्तातलं सोडियम खाली गेलं तरी होतात. या शेवटच्या प्रकारात आणखी पाणी पाजणं घातक. मदतनीसाने यातलं कुठलं हे ठरवत बसू नये. गोंधळलेला माणूस थांबवायचा आणि कळवायचं, एवढं पुरे.

गाडीत बसायला नकार, आणि खरं कारण

गाडी आली. डॉक्टरांनी पाच मिनिटांत सांगितलं, राइड संपली, आता दवाखाना. रायडर याला आश्चर्यकारकरीत्या लगेच तयार झाले, मात्र गाडीत चढेनात. कारण सायकल. गाडीवरचा स्टँड आधीच भरलेला होता, सायकल मागे राहणार होती, आणि ती भावाची सायकल होती.

हे दर राइडमध्ये होतं आणि दर वेळी आयोजकांना नवं वाटतं. माणूस दुखणं सहन करतो, पण सायकल अनोळखी माणसाच्या हवाली करून जात नाही. मुलीने बिबची फाटणारी चिठ्ठी सायकलला बांधली, तिचा फोटो काढला, मेकॅनिकचा नंबर रायडरच्या फोनवर पाठवला, आणि मेकॅनिकने "ही मी स्वतः आणून देतो" असं सांगितलं. तेव्हा ते चढले.

मग घरचा फोन. रायडरची पत्नी शेवटच्या रेषेपाशी थांबलेली, मोबाइलवर त्यांचा ठिपका पाहत होती. ठिपका पाऊण तास एका जागी. फोन कुणी करायचा हे ठरलेलं नव्हतं. कंट्रोलला वाटलं पॉइंटने केला, पॉइंटला वाटलं कंट्रोलने. शेवटी पत्नीनेच फोन केला आणि तो रायडरने उचलला. "काही नाही, पंक्चर झालंय," हे त्यांचं उत्तर.

दवाखान्यात मेंदू हादरल्याचं निदान झालं, रक्तस्राव नव्हता. काही आठवडे सायकल बंद, मग हळूहळू सुरू. देणगीदारांपैकी एकानेही किलोमीटर मोजले नाहीत, हे त्यांनीच हसत सांगितलं.

हे मोठ्या शर्यतींतही होतं

आपल्यासारख्या हौशी लोकांचाच हा घोळ, असं कुणी समजू नये. २०१७च्या टूर ऑफ कॅलिफोर्नियामध्ये लॅटव्हियाचा टॉम्स स्कुइन्श उतारावर पडला. उठला तेव्हा झोकांड्या खात रस्ता ओलांडत होता, मागून येणारे रायडर थोडक्यात चुकवत जात होते, आणि मदतीला आलेला मेकॅनिक त्याला सायकलवर बसायला मदत करत होता. तो थोडं अंतर गेला, मग संघाने त्याला उतरवलं. मेंदू हादरला होता आणि गळपट्टीचं हाडही मोडलं होतं. ती चित्रफीत पाहिली तर तो मेकॅनिक निष्काळजी वाटत नाही. तो तत्पर वाटतो. आमच्या मेकॅनिकइतकाच.

फुटबॉलमध्ये खेळाडूला बाजूला घेऊन तपासता येतं, बदली खेळाडू असतो. सायकलमध्ये बाजू नाही, बदली नाही, आणि शर्यत पुढे निघून जाते. ही अडचण ओळखून सायकलिंगसाठी वेगळे नियम बनवायचे ठरले, इंग्लंडमधल्या हॅरोगेट इथे तज्ज्ञ बसले आणि आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेने डिसेंबर २०२०मध्ये ते जाहीर केले. त्यात मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते हे की रायडरपाशी सगळ्यात आधी बहुधा डॉक्टर पोचत नाही, मेकॅनिक किंवा प्रशिक्षक पोचतो, म्हणून लक्षणं ओळखायला त्यांनाही शिकवायचं. निधी-राइडमध्ये तर पोचणारा कायम आमच्यासारखाच कुणीतरी असतो. पण आमच्याकडे वेळेची स्पर्धा नाही. पंधरा मिनिटं थांबवलं तर कुणाचं काही बिघडत नाही, ही आमची मोठी सोय. ती आम्ही वापरत नव्हतो.

काय बदललं, कुणाला पटलं नाही

पॉइंटवर सायकल आली की आधी ती हातात घ्यायची, पण पाना उचलायचा नाही. रायडरला बसवून वहीवाल्याने विचारायचं: पडलात का, मागच्या पॉइंटला काय घेतलंत, हेल्मेट दाखवा. उत्तरं ठीक आली तरच दुरुस्ती. शंका असेल तर "डॉक्टर बघेपर्यंत सायकल आमच्याकडे" हे वाक्य शब्दशः ठरवून दिलं, म्हणजे कुणाला धीर गोळा करून बोलावं लागत नाही. घरी फोन कंट्रोल करेल. नोंदणीच्या कागदावर लिहिलं की देणगी सुरुवातीच्या रेषेवर पूर्ण झाली असं धरलं जाईल, आणि रायडरांनी देणगीदारांना तसंच सांगावं.

मेकॅनिकने या क्रमाला विरोध केला, आणि तो अगदीच चुकीचा नाही. गर्दीच्या वेळी एका पॉइंटवर चार-पाच सायकली उभ्या राहतात. प्रत्येकाला दोन मिनिटं विचारपूस म्हणजे रांग, रांग म्हणजे लोक रस्त्याच्या बाजूला उभे, आणि तो धोका खरा आहे. काट्याने झालेलं साधं पंक्चर असेल तर विचारपूस कशाला, असं तो म्हणतो. त्याच्याशी तडजोड अशी झाली: हँडल वाकडं, लिव्हर वळलेला, टायरच्या कुशीला चीर, सीटची किंवा पेडलची एक बाजू घासलेली, यातलं काही दिसलं तर पाना खाली आणि विचारपूस सक्तीची. बाकीच्यांना "पडलात का?" एवढंच. मला ही तडजोड पुरेशी वाटत नाही, कारण डोकं आपटूनही सायकल धड राहू शकते. पण अंमलात येणारा अर्धा नियम मी घेतला.

मोठा प्रश्न त्या मुलीने काढला. ती म्हणाली, काका थांबले ते टायर फाटला म्हणून. टायर टिकला असता तर ते तडकलेलं हेल्मेट घालून हात हलवत आपल्यासमोरून गेले असते, आणि मी वहीत त्यांच्या नंबरापुढे बरोबरची खूण केली असती. पडलेली जागा उताराच्या शेवटच्या वळणावर, पॉइंटपासून पाऊण किलोमीटर वर. तिथे बारीक खडी होती, आणि वळणावर कुणीच नव्हतं.

यंदा त्या वळणाच्या बाहेरच्या अंगाला, रस्त्यापासून आत, एक माणूस झाडू आणि शिट्टी घेऊन उभा राहणार आहे. सकाळी पहिला रायडर यायच्या आधी खडी झाडायची, आणि कुणी पडलं तर नंबर खाली पॉइंटला कळवायचा. तिथे सावली नाही, फोनची रेंज तुटक आहे, दोन तासांवर माणूस टिकणार नाही. म्हणून पाळ्या लावाव्या लागतील, आणि आणखी तीन मदतनीस शोधायचे आहेत. दोन मिळालेत.